खोकं मांजरसुंब्याला, प्रकाशन नांदूरघाटला

माझ्या पहिल्याच पुस्तकाच्या प्रकाशनाला मी पुस्तकंच विसरून गेलो. खोकं मांजरसुंब्याच्या ढाब्यावर राहिलं आणि मी नांदूरघाटला पोचलो तो शेवेची पुडी तेवढी जिवापाड सांभाळत. तरी समारंभ पार पडला, तो माझ्या प्रकाशक मित्रामुळं. सबंध बीड जिल्ह्यात त्याला न जमणारी गोष्ट एकच: स्वस्थ बसणं.

हा गृहस्थ पुस्तकं काढतो आणि नाटकं बसवतो. यातलं एक कुठं संपतं नि दुसरं कुठं सुरू होतं, हे त्याच्या बायकोलाही सांगता यायचं नाही. मुखपृष्ठाच्या उरलेल्या रंगात राजाचा महाल रंगवतो, पडदे शिवायच्या दाभणानं पुस्तकं शिवतो. प्रुफं तर तो वाचतच नाही, वठवतो. अंगणात फेऱ्या मारत, प्रत्येकाचा आवाज काढून. माझ्या पुस्तकातलं एक भांडण तो असा तपासत असताना शेजारच्या काकू लाटणं घेऊन धावत आल्या होत्या, "कोण कुणाला मारायलंय?" लांब वाक्य आलं की हा छाती धरून ओट्यावर आडवा. "श्वास कुठं घेऊ बे? मेलो ना मी!" माझी निम्मी वाक्यं त्यानं अशी स्वतः मरून तोडली.

पुस्तक माझ्या वडिलांवर होतं. ते एसटीत कंडक्टर होते. ते गेल्यावर मी लिहायला बसलो. आईला अक्षरओळख नाही, पण पहिली प्रत तिलाच द्यायची म्हणून समारंभ गावच्या विहारात ठेवलेला. पांढरं लुगडं नेसून ती पहिल्या रांगेत बसली होती, पुस्तक घ्यायला मांडीवर धुतलेला पंचा पसरून.

मी ढाब्यावर फोन लावला. मालक म्हणाला, "खोकं कुठं जातंय साहेब! दोघं जण चहा प्यायलेत त्याच्यावर बसून."

मित्र म्हणाला, "कावून तोंड पाडलंस? मला पाठ हाय की समदं." माझी पिशवी शेवेसकट हिसकावून त्यानं गळ्यात अडकवली, एक खांदा पाडला, आणि समोर माझे वडील उभे राहिले. ओळखीच्यांनाही तिकीट फाडणारे. एका म्हातारीचं विसरलेलं गठुडं घेऊन भर उन्हात तिच्या मागं पळणारे. लोक हसत होते, नाक ओढत होते. मधेच तो आईसमोर थांबला, "बोला मावशी, कुठलं तिकीट देऊ?"

आई हळूच म्हणाली, "तुमी न्याल तिकडचं."

त्यानं पिशवीतली चिमूटभर शेव काढून तिकिटासारखी तिच्या हातावर ठेवली.

दिवेलागणीला खोकं आलं, ढाबेवाल्यानं धाडलेल्या जीपमधून, वर चहाच्या पेल्यांचे गोल डाग घेऊन. मित्रानं पहिली प्रत आईच्या पंच्यावर ठेवली. आजही लिहिताना मी त्याच्या श्वासाला पुरेल एवढंच वाक्य लिहितो. त्याचे आभार मानायची दुसरी रीत मला सापडलेली नाही.

आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळली.

"तुझा बाप जल्मभर लोकाचं इसरलेलं सामान माघारी देत फिरला. ह्या लेकरानं आणला म्हणून आज भेटला तरी. तू तर बापालाच ढाब्यावर इसरून आलतास!"