ती ताल

गुरुवारी दुपारी पाऊस थांबला तो थांबलाच. शनिवारी उजाडलं तेव्हा आभाळ स्वच्छ होतं, वारा अंगाला गार लागत होता आणि बिबवेवाडीच्या चढावरच्या सगळ्या गॅलऱ्यांमधून दमट कपडे एकदम बाहेर आले होते.

प्रेमलाबाई दूध आणायला गेल्या, त्या येताना शाळेच्या मागच्या फाटकातून आत शिरल्या आणि मूठभर माती घेऊन घरी आल्या. परातीत ज्वारीचं पीठ काढून ठेवलेलं होतं. त्याच्या शेजारी ओट्यावर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, माती मुठीत दाबून गोळा केला आणि वरून सोडला. गोळा पडला आणि फुटून पसरला.

"आली वाफशावर," त्या म्हणाल्या.

सून अपेक्षा चहाचा कप धरून दारात उभी होती. "आई, पिठाच्या शेजारी माती?"

"दोन्हीतलं पाणी हातालाच कळतं."

मुठीत गोळा व्हायला हवा आणि टाकला की फुटायलाही हवा. चिकटून बसला तर ओल जास्त, झालाच नाही तर कमी. मधला जो एखाद-दोन दिवस असतो तो वाफसा. पेरायला तो लागतो आणि माती ठोकून बसवायलाही तोच. आज प्रेमलाबाईंना माती ठोकायची होती. शाळेमागच्या तालीला परवाच्या पावसात खांड पडली होती, म्हणजे बांध मधोमध फुटून पाणी वाट काढून गेलं होतं. आणि सोमवारी तिथं ब्लॉक बसवणारा माणूस येणार होता.

शाळेच्या पुढच्या अंगणात ब्लॉक गेल्या वर्षीच बसले. आता मागचं अंगणही करून टाकायचं, असं समितीच्या मनात होतं. समितीचे अध्यक्ष श्यामसुंदरराव बँकेतून निवृत्त झालेले, जन्म बुधवार पेठेतला, बोलणं मोजकं.

"बाई, पालकांची तक्रार आहे. मुलांच्या बुटांना चिखल लागतो."

"माती आहे. लागणारच."

"म्हणूनच ब्लॉक."

"पण पालकांना हा तास हवा असतो हो."

"कुणाला? मला तर अजून असा पालक दिसला नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "असं करू. शनिवारी तास घ्या. पालक आले तर बघू. मी स्वतः येतो. मात्र आपल्या घरची माणसं धरायची नाहीत."

प्रेमलाबाई त्या शाळेत कार्यानुभवाच्या शिक्षिका होत्या. हा विषय वेळापत्रकात शेवटच्या तासाला असतो आणि सहामाही जवळ आली की गणिताचे शिक्षक तो मागून नेतात. इतर शाळांत त्या तासाला कागदाची फुलं होत. प्रेमलाबाई मुलांना मागच्या अंगणात काढत. एक पोरगं तांब्याने उतारावर पाणी ओती, बाकीच्यांनी ते कुठून पळतं ते बघायचं, आणि मग त्याच्या वाटेत आडवे दगड मांडायचे. पळणारं पाणी गढूळ आणि थांबलेलं हळूहळू निवळ होत जातं, हे फळ्यावर लिहायची वेळच कधी आली नाही. निवृत्त झाल्यावरही शनिवारचा तास त्यांनी सोडला नाही. आसपासच्या सोसायट्यांत जाऊन त्या गच्चीचं पाणी बोअरच्या कडेच्या खड्ड्यात कसं सोडायचं ते सांगत. तिथं वॉचमन उभा राहून ऐके आणि सेक्रेटरी 'पुढच्या मीटिंगला घेऊ' म्हणत. गावभर त्यांचं नाव 'मातीच्या बाई' असंच पडलं होतं.

त्या अंगणाचा त्यांना एवढा लळा असायला आणखी एक कारण होतं. शाळा उभी राहिली ती त्यांच्या वडिलांच्या, आप्पासाहेबांच्या शेतात. तेव्हा बिबवेवाडी गाव होतं. वरच्या अंगाला टेकडी, खालच्या अंगाला ओढा, आणि मधल्या उतारावर एकाखाली एक पाच ताली. ताल म्हणजे उताराला आडवा घातलेला बांध, खाली दगड, वर माती. दर पावसाळ्याआधी आप्पासाहेब त्यांची डागडुजी करत. त्यांच्या तोंडी शब्द असे, 'ताल धरायची'. पहाटे माती ठोकायचं जड धुम्मस मातीवर पडायला लागलं की अंथरुणातल्या प्रेमलेला जमिनीतून तो आवाज पाठीला लागे. धुप्प, धुप्प. आई न्याहरी घेऊन निघाली की ही मागोमाग. नव्या मातीवर चुलत्या-मालत्या ओळीने उभ्या राहून पायांनी ती बसवायच्या आणि एकमेकींच्या माहेराचा उद्धार करायच्या. पेरूची झाडं होती. विहीर होती, तिला वैशाखातसुद्धा पाणी असे.

मग शहर चढावर आलं. चार ताली इमारतींच्या पायात गेल्या. पाचवी शाळेमागे राहिली, तीही कुणी मुद्दाम ठेवली म्हणून नाही, मागे कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून. तळातले दगड अजून आप्पासाहेबांच्या हातचे होते. वरची माती मात्र गेली कितीतरी वर्षं मुलांनी टाकलेली. त्यातली काही मुलं आता स्वतःच पालक होती. त्यांची मुलं इंग्रजी शाळेत जात होती, हा भाग वेगळा.

गुरुवारी संध्याकाळी प्रेमलाबाईंनी पालकांच्या ग्रुपसाठी निरोप सांगितला आणि अपेक्षाने तो मोबाईलवर टाइप केला.

"लिही. शनिवारी सकाळी आठ वाजता शाळेच्या मागच्या अंगणात ताल धरायची आहे."

"धरायचा, आई."

"धरायची."

"अहो, ताल पुल्लिंगी आहे. तो ताल. माझी आई कर्वेनगरच्या शाळेत मराठी शिकवायची, मला घरात एवढं तरी आलंच पाहिजे ना. आणि हा मेसेज श्यामसुंदरकाका वाचणार. एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर ते रिप्लायमध्ये करेक्ट करतात."

हे खरं होतं. प्रेमलाबाईंच्या मनात सोमवारचे ब्लॉक होते, शब्दाच्या लिंगावरून वाद घालायला त्यांच्याकडे जीव नव्हता. "तुला हवं ते लिही. पालकांनीही यावं असं लिही. आणि कपडे खराब होतील म्हणून लिही."

"ते नको. मग कोणीच येणार नाही."

अपेक्षाने निरोप पाठवला. प्रेमळ हेतूने शेवटी एक ढोलाचं चित्रही टाकलं. एरवी तिलाही हा सासूबाईंचा मातीचाच तास आहे हे माहीत होतं, पण 'ताल' लिहिल्यावर मोबाईलनेच ते सुचवलं आणि तिला ते छान दिसलं.

शनिवारी आठला पाच मिनिटं कमी असताना प्रेमलाबाईंनी परातीतल्या पिठात पाणी घालून गोळा मळला, त्यावर ताट झाकलं आणि फावडं घेऊन अपेक्षाबरोबर निघाल्या. चुलती बायडाबाई आधीच येऊन बसली होती. ऐंशी पार केलेली, शाळेच्या शिपायाकडून खुर्ची मागून घेऊन ती तालीच्या डोक्याशी बसली होती.

"कोन येतंय गं पमे तुझ्या चिखलात?"

"बघू, काकी."

तेवढ्यात फाटकाशी गाड्या थांबायला लागल्या. एक, मग चार, मग रस्ताच भरला. माणसं उतरत होती, मुलं उतरत होती. प्रेमलाबाई मनातल्या मनात माणसं मोजायला लागल्या. मोजणी पुरी व्हायच्या आत एका रिक्षातून ढोल उतरला. पाठोपाठ दुसरा. कमरेला पट्टे बांधलेल्या बायका, कपाळाला गंध लावलेले बाप, पांढऱ्या झब्ब्यातली मुलं. सगळ्यांच्या पुढे सौमित्र होता, चौथीतल्या ओवीचा बाप, गळ्यात ताशा.

"बाई, एक नंबर काम केलंत," तो म्हणाला. "शाळेचं स्वतःचं पथक. आमच्या सोसायटीत प्रॅक्टिस करू देत नाहीत, कम्प्लेंट करतात. इथे स्पेस मस्त आहे."

"कसलं पथक?"

"ताल धरायचा ना? तुमचाच मेसेज."

प्रेमलाबाईंनी मान वळवून अपेक्षाकडे पाहिलं. अपेक्षा आपल्या मोबाईलकडे पाहत होती.

बायडाबाईला सगळं उशिरा आणि मोठ्याने कळलं. "अगं बया. हे वाजवायला आल्यात व्हय?" आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली ती थांबेना.

प्रेमलाबाईंनी खरं ते सांगितलं. ताल म्हणजे हा समोरचा बांध, तो फुटलाय, तो धरायचाय. मातीचं काम आहे. निरोपात चूक झाली, ज्यांना जायचं असेल त्यांनी खुशाल जावं. बोलताना आवाज त्यांनी शिक्षिकेचा ठेवला, पण फावड्यावरची पकड सैल झाली होती. काही जण गेलेच. 'आधी सांगायचं ना', 'आमचा शनिवार गेला', 'झब्बा इस्त्रीचा आहे' असं म्हणत गाड्या वळल्या. श्यामसुंदरराव नेमके त्याच वेळी फाटकातून आत आले. जाणाऱ्यांना वाट देत ते बाजूला उभे राहिले आणि एकेकाला नमस्कार करत राहिले.

सौमित्र जायला निघाला होता, पण ओवी खांडीत उतरली होती. खाली वाकून तो तिला ओढायला गेला आणि तिथेच उभा राहिला. "बाई, हे खालचे दगड एवढे व्यवस्थित कोणी लावलेत?"

"माझ्या वडलांनी."

"इथे?"

"इथंच. हे आमचं शेत होतं."

 ताशा उतरवून त्याने बायडाबाईच्या मांडीवर ठेवला आणि झब्ब्याच्या बाह्या वर केल्या.

मग काम सुरू झालं. उरलेल्या माणसांत ढोलवाल्या बायका जास्त होत्या, आणि त्या मागे सरणाऱ्या नव्हत्या. प्रेमलाबाईंनी आधी ढासळलेले दगड मोठी बाजू आत घालून बसवून घेतले. वर मातीचा थर, पुन्हा दगड, पुन्हा माती. मुलांनी घमेली ओढली. माती हातात घेऊन प्रत्येकाने आधी गोळा करून टाकून बघायचा, ही अट. ज्याचा फुटला नाही त्याने कोरडी माती मिसळायची. अंगणभर गोळे पडत होते.

थर ठोकायची वेळ आली तेव्हा धुम्मस एकच निघालं, तेही दांडा हललेलं.

"पायानं बसवा की," बायडाबाई खुर्चीवरून म्हणाली. "आमी काय मशीन आणायचो व्हय? वळीनं हुबं ऱ्हावा. पन एकदम पाय पडाया पायजेत. एक हिकडं एक तिकडं पडला तर माती निस्ती सरकती."

पंचवीस-तीस माणसं आणि मुलं तालीवर चढली. एकदम पाय काही पडेनात. कुणी आधी, कुणी मागाहून, मध्येच एक पोरगं घसरून बसलं. मग ढोलवाल्यांतली एक बाई खाली उतरली, पट्टा कमरेला बांधला आणि नुसत्या हाताने संथ ठेका दिला. धुप्प. धुप्प. पाय एकत्र पडायला लागले.

प्रेमलाबाई फावडं टेकून उभ्या राहिल्या. तो आवाज मातीतून वर येत त्यांच्या तळव्यांना लागत होता. त्यांनी चप्पल काढून ठेवली. बायडाबाईही हसायची थांबली होती.

"पमे," ती हळूच म्हणाली, "तुझी आई हिथं हुबी ऱ्हायची. त्या टोकाला. लई तोंडाळ बाई."

"आठवतंय, काकी."

खांड भरली तेव्हा ऊन वर आलं होतं. श्यामसुंदरराव आतापर्यंत कडेच्या एका फरशीवर उभे होते. ते दोन पावलं पुढे आले आणि त्यांचा बूट ओल्या मातीत गेला. त्यांनी बुटाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"गर्दी चांगली जमवलीत. ढोल वाजवायला आले होते सगळे."

"आलं न्हवं?" बायडाबाई म्हणाली. "का म्हून आलं ते कशाला इचारता? तुमी बी ब्लॉक टाकाया आलता."

आजूबाजूला कुणीतरी हसलं. श्यामसुंदररावांनी ते ऐकून सोडून दिलं. "मी आलेल्यांबद्दल बोललो होतो, थांबलेल्यांबद्दल नव्हे," ते म्हणाले, "पण थांबलेत, हेही मी पाहिलं. मात्र ब्लॉकची मागणी देऊन झाली आहे, बाई. मधल्या नळापर्यंत ते पडणार. नळाच्या खालच्या अंगाला, तुमच्या या बांधासकट, आहे तसं राहील. मी समितीला सांगतो."

नळापर्यंत म्हणजे अर्धं अंगण. वरच्या अंगाला मुलं दर वर्षी भुईमूग लावत, ते वाफे जाणार होते. प्रेमलाबाईंनी तिकडे एकदा पाहून घेतलं.

"मग वरचं पाणी जोरात येईल," त्या म्हणाल्या. "तालीला सांडवा मोठा करावा लागेल. म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट. पुढच्या शनिवारी."

"करा. फक्त निरोप पाठवायच्या आधी मला दाखवा. काल मी तो वाचला होता. व्याकरण निर्दोष होतं."

"तीच चूक झाली. हा शब्द बाईमाणूस आहे, श्यामसुंदरराव. ती ताल."

त्यांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिला. "ती," ते म्हणाले. मग फरशीच्या कडेला बूट घासत फाटकाकडे गेले.

सौमित्रने ताशा परत घेतला. "बाई, पुढच्या शनिवारी आधी सांडवा, मग अर्धा तास प्रॅक्टिस. चालेल?"

"आधी सांडवा."

"तेच म्हणतोय ना."

बायडाबाईला घरी सोडून, फावडं नळाखाली धुऊन प्रेमलाबाई जिना चढल्या. अपेक्षा आधीच येऊन कूकर लावून बसली होती.

"सॉरी, आई. ते ढोलाचं चित्र मीच टाकलं होतं."

"पुढच्या वेळी दोन टाक."

त्यांनी परातीवरचं ताट उचललं. पिठाचा गोळा वरून वाळून पापुद्रा धरून बसला होता. नखांत माती होती, ती त्यांनी साबणाने दोनदा घासली. मग बोटं ओली करून पीठ पुन्हा मळायला घेतलं, जरा पाणी, पुन्हा जरा, मूठ मारून बघत. तवा तापला होता. त्यांनी एक गोळा तोडला, परातीत कोरडं पीठ भुरभुरलं आणि भाकरी थापायला लागल्या.