सुमन घण मारताना दमायची

मंगळवार, घट बसले त्याचा दुसरा दिवस. आमच्याकडे यंदा घट नाहीत. सकाळी भट्टी पेटवली... सुमन गेल्यानंतर पहिल्यांदाच.

इथे मी सहसा कामाचे फोटोच टाकतो. परळीजवळच्या आमच्या गावात आमच्या घरी पिढ्यानपिढ्या लोहारकाम आहे. घर चालतं ते ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या कोयत्यांवर, आणि मधल्या दिवसांत जुन्या घडणीच्या तलवारी, कट्यारी करतो. त्यांना धार काढत नाही. त्या पूजेला आणि मानाला लागतात.

पातं घडवायला दोन माणसं लागतात. एकाने सांडशीत तापलेलं लोखंड धरायचं आणि लहान हातोडीने जागा दाखवायची, दुसऱ्याने त्याच जागी घण घालायचा. आमच्या घरात हातोडी माझी आणि घण सुमनचा... लग्न झाल्यापासून.

धर्मापुरीकडच्या एका गावच्या देवीसाठी धोप करायला घेतली होती. धोप म्हणजे सरळ पात्याची जुनी मराठा तलवार. मुठीकडचं अर्धं पातं आम्ही दोघांनी उन्हाळ्यात घडवलं. मग ती आजारी पडली आणि आषाढात गेली. पातं तसंच भिंतीला टेकून राहिलं.

देवळाला ते दसऱ्याला हवं होतं, हे तर होतंच. पण माझ्या मनात वेगळं होतं. तिच्या हाताचं ते शेवटचं काम... ते अर्धवट राहू नये, एवढंच.

घण मारायला दिंद्रुडहून तिचा धाकटा भाऊ बालाजी आला. तोही लोहारच, अंगाने दांडगा. आल्या आल्या त्याने दारावर टांगलेलं पोतं काढून बाजूला टाकलं.

"दाजी, कावून एवढा अंधार केलाय वो? घण ऐरणीवर घालायचा का तुमच्या डोक्यात?"

ते पोतं सुमनने टांगलं होतं, गेल्या दिवाळीनंतर. तिला ऊन सोसत नाही म्हणाली होती.

काम सुरू झालं. बालाजीचा घण अगदी नेमका बसत होता. मी जागा दाखवत होतो, तो मारत होता. पातं टोकाकडे हळूहळू लांबत होतं... मला बरं वाटायला लागलं होतं.

मग एकदम आवाज बदलला. घण कोरडा वाजला, आणि टोकाच्या अलीकडे पात्याला आडवा तडा गेला.

बालाजी घण टेकवून उभा राहिला. "दाजी, लोखंड पार काळं पडलं व्हतं की. तुमची हातोडी थांबंना, मला वाटलं तुमाला दिसतंय."

मला दिसलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, मीच पुढे ढकलतोय... दारातून उजेड आला की लोखंडाची लाली मला कळत नाही. निवलेल्या पोलादावर घण घालायचा नसतो, हे आमच्याकडे लेकरालाही माहीत असतं.

"मग आक्का व्हती तवा कसं करायचे? ती सांगायची का?" बालाजीने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "ती कधी काही बोलली नाही. ती फक्त दमायची."

खरंच तसं होतं. शेवटचं वर्षभर ती मध्येच घण खाली टेकवायची. "थांबा वो जरा, दम लागला." मग मी पातं परत भट्टीत सरकवायचो आणि तिला चिडवायचो, म्हातारी झालीस म्हणून. "झाले तर झाले," म्हणायची. "तुमी ब्लोअर वाढवा."

बालाजी हसायला लागला. "आक्का? अन् दमायची? आवो, माहेरी आमा तिघा भावांला पाळीपाळीनं हातोडीवर बसवून एकटी घण मारायची ती. आमी बसून दमायचो, ती न्हाई..."

हसता हसता तो मध्येच थांबला. माझ्याकडे बघितलं आणि पाणी प्यायला बाहेर गेला.

मी ऐरणीपाशी बसून राहिलो. ती दमत नव्हती. लोखंड निवलं की थांबत होती.

आणि ते पोतं... अंधारात लोखंडाचा रंग नीट कळतो. ते तिने उन्हासाठी नाही, माझ्यासाठी टांगलं होतं. जन्मभर आगीपुढे बसलेल्या माणसाला 'तुम्हाला दिसत नाही' असं म्हणणं तिच्या जिवावर आलं असेल. त्यापेक्षा तिने म्हातारं म्हणवून घेतलं.

देवळात फोन करून यंदा धोप होणार नाही असं सांगितलं. पलीकडचे म्हणाले, काही हरकत नाही, जुनीच मिरवू, तुम्ही सावकाश करा. मोठ्या मनाची माणसं आहेत.

तडा टोकाकडे आहे. मुठीकडचा भाग धड आहे, तिच्या घणाखालून गेलेला तेवढा सगळा. त्याची कट्यार होईल. ती घरातच राहील.

तुमच्या घरात कुणी काम करता करता मध्येच थांबत असेल, तर चिडवण्याआधी एकदा बघा... ते स्वतःसाठीच थांबतंय का. मला आता विचारायला ती नाही.

बालाजी दुपारच्या गाडीने गेला. मी भट्टी विझवली, ऐरणीभोवती झाडून घेतलं, आणि पोतं उचलून दाराच्या खिळ्यांना परत अडकवलं.