लाल गाडीचे टायर आणि बेंदराचा चिखल

नातीने कॅनडात लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. ही बातमी मी सगळ्यात आधी शेजारच्या थोरल्या जाऊबाईंना दिली. त्यांचा नातू तिकडे त्याच शहरात जीप चालवतो. जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "बर्फ पडला की तुझ्या नातीची गाडी घरात झाकून ठेवणार. आमची जीप मातर फिरणार."

माझा नुसता जळफळाट झाला. संध्याकाळी नात फोनवर दिसताच मी विचारलं, "व्हय गं, बर्फात तुझी गाडी झाकून ठेवायची, खरं हाय का?"

"आजी, हे टायर उन्हाळ्याचे आहेत. बर्फात घसरतात. थंडीचे घेऊ, की गाडी झाकून ठेवू?"

मला लग्नानंतरचा पहिला बेंदूर, बैलांचा सण, आठवला. जाऊबाईंच्या सजवलेल्या खिलार बैलजोडीकडे सगळा गाव बघत होता आणि नवी नवरी मी कुणालाच दिसत नव्हते! मग नवऱ्याला नवी मोटारसायकल काढायला लावली आणि जरीची साडी नेसून ऐटीत मागे बसले. मिरवणुकीच्या वाटेवरच चाकं काळ्या चिखलात रुतली. गाडी ओढून काढायला बैल हवे होते, पण बेंदराला बैलांना कुणी कामाला लावत नाही. जाऊबाई मिरवणुकीतून जाता जाता म्हणाल्या, "आज न्हाई गं, उद्या बघू." घुंगरं वाजवत बैल पुढे गेले आणि महाराणी चिखलात उभ्या!

"टायर घे," मी नातीला म्हणाले. "चारी घे. तुझी गाडी रुतली आणि शेजारनं ती जीप गेली, तर जाऊबाई मला पुन्हा म्हणतील, उद्या बघू."