खोल पाणी आणि लग्नपत्रिकेचं अक्षर

आज दुपारी ठीक चार वाजता शेजारची सुनंदा भुजल्या, म्हणजे श्रावणात उगवलेले गव्हाचे कोंब, पाण्यात शिरवायला टोपली घेऊन गावच्या तलावात उतरली आणि दुसऱ्याच पावलाला छातीपर्यंत आत गेली. मी पदराला धरून तिला मागे ओढलं.

घाटावर पाटी होती, 'गाळ उपसल्यामुळे पाणी खोल आहे. उतरू नये.'

"पाटी दिसली नाही काय तुला?"

"ते पाटी हाय का, काकू? मले वाटलं कोनाच्या लग्नाचा फ्लेक्स हाय."

तिचं काय चुकलं? गुलाबी, तिरकी, एकमेकांच्या गळ्यात पडलेली अक्षरं, मैत्रिणीला घाईत चिठ्ठी लिहावी तशी. हाच हस्ताक्षरी फॉन्ट माझ्या नातीच्या बारशाच्या पत्रिकेवर गोड दिसला होता. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मलाही असंच वळणदार अक्षर शिकवलं, पण विहिरीजवळची पाटी त्यांनी कधी त्यात लिहिली नाही.

पुढे पोळा आहे. बैल धुवायला अख्खं गाव याच घाटावर उतरेल. तुमच्या गावातही अशी पाटी असेल तर आजच या पोस्टखाली फोटो टाका.

आणि ही पाटी लावणाऱ्या कार्यालयाला सांगते, नवी कधी लावता ते शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवा. उभ्या, ठळक अक्षरात.