उडदाचं गाणं

आमच्या कारखान्याच्या भिंतीवर एक कागद लावलेला आहे. हरभरा डाळ अकरा मिनिटं, गहू नऊ, तांदूळ सात, उडीद आठ. वर तमिळमध्ये, खाली देवनागरीत, अक्षर माझं. मी हौसेने त्याला प्लास्टिकचं पाकीटही घातलं होतं. अक्का गेल्यापासून त्या कागदाकडे पाहिलं की माझं डोकं फिरतं.

कारखाना हा शब्दही माझाच. खरं तर ती राजवाड्यामागच्या बोळातली अक्कांच्या घराची मागची पडवी. चार शेगड्या, चार कढया, अक्का धरून चार बायका, आणि मेतकूट. नवरा गेल्यावर अक्कांनी ते एका कढईवर सुरू केलं आणि कुंभकोणम, चेन्नईपर्यंत पोचवलं. त्या चारांतली एक बाई माझी आई. ती रोज पापनाशमहून पहिल्या बसने यायची. शाळेला सुट्टी असली की मीही तिच्यासोबत असायचे.

अक्का आमच्या नात्यातल्या नव्हत्या. तरी आठवीनंतर मला शाळेतून काढायचं घरी ठरलं तेव्हा त्यांनी आईला कामावरून परत पाठवलं होतं. मुलीचं नाव शाळेत घालून ये, मगच कढईला हात लाव, असं तिला बजावलं आणि तोच निरोप वडिलांनाही दिला. अक्कांच्या बोळात मराठी बोलणारी घरं पुष्कळ, देवनागरी वाचणारी थोडी. ती अक्षरं मला अक्कांनी डाळ निवडता निवडता परातीतल्या पिठात गिरवून शिकवली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे आधीच सांगते, कारण त्या पदवीचं मी काय केलं ते पुढे सांगायचं आहे.

अक्कांचा एक नियम होता. प्रत्येक घाण्यातली पहिली मूठ देवापुढे जायची, आणि नैवेद्य दाखवायच्या आधी कोणी चव बघायची नाही. दुकानाला जाणारा माल असो की घरचा, नियम एकच. आता चव बघायची नाही म्हटल्यावर धान्य भाजलं की नाही हे कळणार कसं? अक्का ते गाण्यावर ठरवायच्या. हरभरा डाळीला एक अभंग, गव्हाला एक, तांदळाला एक छोटी आरती, उडदाला त्यांच्या आईकडून आलेलं एक लांबलचक देवीचं गाणं, ज्यातले निम्मे शब्द आम्हाला कळत नसत. गाणं संपलं की कढई उतरायची. डाळ नवी असेल, हवा दमट असेल, तर अक्का वास घेऊन चाल संथ करायच्या. बाकीच्या तिघी त्यांच्या मागे गायच्या, म्हणून त्यांचे हातही संथ व्हायचे. लहानपणी मला वाटायचं, की मेतकूट सगळीकडे असंच करतात.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी परत आले त्याच वर्षी परवान्याचं काम निघालं. अर्ज, लेबल, तपासणी सगळं माझ्याकडे आलं आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. नियमांच्या कागदावर एवढंच होतं, की काम करताना तोंड झाकलेलं असावं. गाऊ नये, हे मी माझ्या पदरचं घातलं. तोंड झाकून गायचं तर पट्टी ओली होते, सारखा तिला हात लागतो, असं मी चौघींना समजावलं. मग भाजायची वेळ कशी ठरवायची? त्यासाठी मी घड्याळ आणलं. चैत्रातल्या एका कोरड्या सकाळी अक्कांच्या शेजारी उभी राहून मी चारही धान्यांची मिनिटं मोजली आणि तो कागद केला.

अक्कांनी कागद दोन्ही हातांत धरून वाचला. मला वाटलं, ओरडतील. मिरच्यांच्या व्यापाऱ्याला त्या दारातूनच परत लावायच्या, भटजींना मंत्र गाळला म्हणून टोकायच्या. मला मात्र म्हणाल्या, "तू शिकलीस. तुज ठाव."

मला त्यांचाही राग येतो, तो याच गोष्टीचा. मला शिकवलं त्यांनी, आणि शिकून आल्यावर माझ्यापुढे गप्प बसल्याही त्याच. एक शब्द बोलल्या असत्या तर मी ऐकलं असतं. की नसतं ऐकलं? त्या वेळची मी आठवते आणि खात्री देता येत नाही.

त्यानंतर पडवीत फक्त झाऱ्यांचा आवाज राहिला. मेतकूट मात्र बिघडलं नाही, म्हणून मी निर्धास्त होते. ते का बिघडलं नाही हे आईने मला अक्का गेल्यानंतर सांगितलं. अक्का पट्टीच्या आत पुटपुटत गायच्या. बायका माझ्या घड्याळाकडे बघत नव्हत्याच, अक्कांच्या लयीत हलणाऱ्या खांद्यांकडे बघत होत्या.

"मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू एवढं छान प्लास्टिक घातलं होतंस कागदाला," आई म्हणाली.

अक्का गेल्यावर पहिलाच घाणा कडू निघाला. दुसरा कच्चा. मी मिनिटं वाढवली, कमी केली, आच मोजली, डाळीचा ओलावा तपासला. माझं सगळं शिक्षण मी त्या कढयांत ओतलं. दुकानदार पाकिटं परत पाठवू लागले. शेवटी अक्कांच्या मुलाचा चेन्नईहून फोन आला. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, माणूस सरळ आहे. त्यांनी शांतपणे सांगितलं, की वर्षश्राद्धापर्यंत बघू. अम्माच्या हातचं जमलं तर चालवा, नाहीतर तिच्या नावावर वाईट माल विकण्यापेक्षा बंद केलेलं बरं.

मग मी फोन घेऊन चौघींच्या मागे लागले, गाणी उतरवून घ्यायला. अक्कांच्या जागी आता त्यांची धाकटी नणंद बसत होती. कोणालाच गाता येईना. आई खुर्चीवर बसून दोन ओळी म्हणायची आणि अडकायची. चार दिवस असे गेल्यावर ती वैतागली. "गाणं तोंडात नाही गं, हातात आहे. फोन ठेव आणि आच लाव."

कढईपुढे उभी राहिल्यावर खरोखरच तिला हरभऱ्याचा अभंग पूर्ण आला. मग गव्हाचा. तांदळाची आरती नणंदबाईंना आली. पण उडदाचं गाणं तिसऱ्या कडव्यापुढे कोणालाच येईना. ते लांब होतं, अवघड होतं, आणि आधीपासून अक्काच पुढे होऊन म्हणायच्या. गेली काही वर्षं तर ते पट्टीबाहेर आलंच नव्हतं. ती सगळी वर्षं मी त्यांच्यापासून दोन हातांवर, हातात वही घेऊन उभी होते. एकदाही म्हटलं नाही, अक्का, जरा मोठ्याने म्हणा.

उडीद अंदाजाने भाजला.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी देवाला नैवेद्य दाखवून पंगत बसली. अण्णांनी भातावर तूप आणि मेतकूट घेतलं, पहिला घास खाल्ला आणि थांबले. डोळे भरून आले होते. "अम्माचंच आहे," ते म्हणाले. नणंदबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला तर तिथेच रडावंसं वाटलं. जमलं होतं. चौघींचं काम राहिलं होतं.

तेवढ्यात आईने घास गिळला आणि म्हणाली, "नाही. उडीद कच्चा आहे."

मी तिच्या गुडघ्याला हात लावला. तिने तो बाजूला केला. "अण्णा, तुम्ही वर्षाने खाताय म्हणून तुम्हाला गोड लागतंय. अक्कांनी हा घाणा गाईला घातला असता."

अण्णांनी तोच भात संपवला. संध्याकाळी निघताना म्हणाले, नवी पाकिटं इतक्यात छापू नका. बंद करा म्हणाले नाहीत, चालू ठेवा असंही म्हणाले नाहीत. गाडीची वेळ झाली म्हणून रिक्षात बसले.

मी आईवर खूप चिडले. एक दिवस गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं, असं विचारलं. ती पडवीत उडीद निवडायला बसली होती. "गप्प बसूनच तर हे झालं," ती म्हणाली आणि परात माझ्याकडे सरकवली.

मी भिंतीवरचा कागद काढायला उठले, तर म्हणाली, राहू दे, तीन गाणी आली की आता, तो लागतो कोणाला. तेव्हा तो अजून तिथेच आहे. पाकीट उघडून मी फक्त उडदापुढचा आठ खोडला आहे. रोज सकाळी आई तीन कडवी म्हणते, थांबते, वास घेते, आणि पुढे नुसतीच गुणगुणते. कधी जमतं, कधी नाही. जमलेलं देवापुढे जातं. न जमलेल्याने बोळातली गाय अंगाने चांगलीच सुटली आहे.