विहाराच्या अंगणातलं सार्वमत

मंठ्यात सत्यशीलाबाईंची पिठाची गिरणी शोधायला कुणाला पत्ता विचारावा लागत नसे. बाजाराच्या मागच्या गल्लीत शिरलं की आधी गिरणीचा घरघराट ऐकू यायचा आणि मग त्याच्यावरताण सत्यशीलेचा आवाज. "बाजरी कुणाची? डबा फुडं घ्या! गव्हावर ज्वारी टाकू नका म्हन्लं ना!" भुवयांवर पीठ, पदरावर पीठ, आणि हसली की गालावरचं पीठ खाली झडायचं.

हा आवाज तिनं माहेराहून आणला होता. माहेर घनसावंगीकडचं, गोदावरीच्या काठचं. उसाच्या फडात या टोकाकडून त्या टोकाला आईला हाक मारायची तर हळू बोलून चालत नव्हतं. जालना जिल्हा नवा झाला त्याच वर्षी, एक्क्याऐंशीला, तिला बघायला मंठ्याहून पाहुणे आले. नाव विचारल्यावर तिनं ते असं खणखणीत सांगितलं, की एका पाहुण्याच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. माहेरची माणसं शरमली. पण नवऱ्या मुलाचे वडील अण्णासाहेब, फौजेतले सुभेदार, रजेवर आले होते, ते खूश झाले. "हीच पोरगी. असला आवाज कवायतीला शोधून सापडत न्हाई," म्हणाले आणि सुपारी फुटली.

नवरा संपत अंकुशनगरच्या साखर कारखान्यात कामाला, घरी यायचा तो सुट्टीच्या दिवशी. सुभेदार पेन्शनीत निघाले, त्यांनी गिरणी टाकली. पण पिठानं त्यांना इतक्या शिंका यायला लागल्या की आठवड्याच्या आत गिरणी सुनेकडं आली. ते बाहेरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत, डब्यांची रांग सरळ ठेवत आणि पेपर वाचून दाखवत. आत सत्यशीला, बाहेर मामा. सासऱ्याला ती मामाच म्हणायची.

सुभेदारांचा खरा जीव मात्र वस्तीतल्या विहारात होता. ते परत आले तेव्हा तिथं चार पत्रे आणि एक ओटा होता. त्यांनी समिती काढली, भिंती उभ्या केल्या, बोअर घेतला, वाचनालय उघडलं. समितीची निवडणूक दर तीन वर्षांनी घ्यायची असं घटनेत लिहिलेलं होतं. समितीच्या नियमांना सगळे घटनाच म्हणत. पहिली निवडणूक थाटात झाली. दुसरीच्या वेळी स्लॅब टाकायचा होता म्हणून ती पुढं गेली. मग दुष्काळ पडला, मग बोअर, मग वाचनालय. कुणी विचारलंच तर सुभेदार म्हणायचे, "लढाई चालू असताना कमांडर बदलत न्हाईत." काम खरंच होत होतं, म्हणून कुणी फार विचारतही नसे.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात बातमी आली, की विहाराला थायलंडहून पितळेची बुद्धमूर्ती मिळणार. तिकडं शिकून आलेल्या एका भंतेजींनी तिथल्या उपासकांशी बोलून जमवलं होतं. वस्तीत दुसरा विषयच उरला नाही. सुभेदार पेपरात थायलंडचं नाव शोधून शोधून मोठ्यानं वाचू लागले. तिथं आदल्या वर्षी फौजेनं राज्य हातात घेतलं होतं. वर्षाच्या आत निवडणुका घेतो म्हणाले होते, त्या लांबल्या होत्या. आता त्यांनी नवी घटना लिहून घेतली होती आणि तिच्यावर लोकांचं मत, म्हणजे सार्वमत, ऑगस्टातल्या एका रविवारी होणार होतं.

"बराबर चाललंय," सुभेदार ओट्यावरून म्हणाले. "आधी शिस्त, मंग निवडणूक."

आतून आवाज आला, "मामा, शिस्त लागली हे ठरवणार कोण?"

"ज्यानं लावली तो."

"मंग त्याला ती कवाच लागल्यासारखी वाटायची न्हाई!"

रांगेतल्या बाया हसल्या. त्यांत झुंबरबाईही होत्या. म्हातारीला कमी ऐकू यायचं, पण सत्यशीलेचं बोलणं तेवढं स्वच्छ ऐकू येई, म्हणून ती दळण नसलं तरी गिरणीवर येऊन बसायची.

सुभेदारांना वाद आवडायचा. पावसाळ्यातल्या वर्षावासाचे दिवस होते, रविवारी विहारात ग्रंथवाचनाला सगळे जमतच. सार्वमताच्या त्याच रविवारी विहारात चर्चा ठेवायची असं त्यांनी ठरवलं. फौजेच्या बाजूनं ते बोलणार. विरुद्ध बोलायला मात्र कुणी तयार होईना. सुभेदार वैतागले. "समोर कुणी नसल तर मी काय भिंतीसंग बोलू?"

"मी बोलते," भाकरी थापता थापता सत्यशीला म्हणाली.

सुभेदारांनी ताटातून मान वर केली. "तू? माझ्या विरुद्ध?"

"तुमच्या न्हाई, मामा. थायलंडच्या फौजेविरुद्ध."

सुभेदार असे खुलले, की त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. त्या दिवसापासून घरात दुसरं बोलणं उरलं नाही. पेपरातलं जे त्यांना तिच्या बाजूचं सापडे तेही ते वाचून दाखवत. "हे बघ, तुझ्या कामाचं हाय. न्हाईतर म्हणशील, म्हाताऱ्यानं लपवलं."

एका गोष्टीनं मात्र ती अडखळली. विहाराच्या फळ्यावर सुभेदारांनी खडूनं लिहिलं होतं: आधी थायलंडवर चर्चा, नंतर विहाराच्या नव्या घटनेला हात वर करून मंजुरी. नव्या घटनेत मुख्य बदल एकच होता. मूर्ती बसून कळस होईपर्यंत आहे तीच समिती राहील.

"मामा," तिनं विचारलं, "दोन्ही एकाच दिवशी?"

"वेळ वाचतो," सुभेदार म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर दुसरं काहीही नव्हतं. तिनं ओठ चावला आणि कणीक मळायला घेतली.

रविवारी पावसानं उघडीप दिली. विहाराचं अंगण भरून गेलं. संपत मुद्दाम अंकुशनगरहून आला होता आणि बायको आणि बाप दोघांकडंही न बघता शेवटच्या रांगेत बसला होता. पंचशील झालं, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना फुलं वाहिली. इस्त्रीच्या कपड्यांत सुभेदार उठले.

चांगले बोलले ते. "घरात भावाभावांची भांडणं लागली, तर कुणीतरी उठून मधलं दार लावावं लागतं. तिथं फौजेनं तेवढंच केलं. एक गोळी चालली न्हाई. घटना लिहिली, लोकांपुढं ठेवली. हो म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. हुकूम सोडायच्या ऐवजी इचारून राह्यलेत, याच्यापेक्षा आणखी काय पाहिजे?" टाळ्या पडल्या. सत्यशीलेनंही वाजवल्या.

मग ती उठली. तिनं तोंड उघडलं आणि माइक असा किंचाळला की झाडावरचे कावळे उडाले. तिनं माइक बाजूला ठेवला. त्याची गरज नव्हतीच.

"मामांचं एक बराबर हाय. भांडण लागलं तर दार लावावं लागतं. पण दार लावणाऱ्यानं किल्ली खिशात घातली, आन् मंग इचारलं, की बोला, किल्ली मी कशी ठेवू, तर त्याला इचारणं म्हणतेत का?" ती थांबली. "पेपरात आलंय. लोकांनी ही घटना नको म्हटली, तर फौज जुन्या घटनांतली कोणती बी एक आपल्या मनानं काढणार आन् लावणार. आता समजा झुंबरबाई ज्वारी घेऊन आल्या. मी म्हन्लं, बारीक दळू का? न्हाई म्हणलात तर मी माझ्या मनानं दळीन, कसं ते सांगणार न्हाई. मंग म्हातारी काय म्हणंल?"

"बारीकच दळ म्हणंल!" बायांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं.

"हां! आन् मी गावभर सांगत फिरीन, झुंबरबाईला बारीकच आवडती!"

अंगण हसून हसून लोटपोट झालं. हशा ओसरत होता तेवढ्यात झुंबरबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "सुभेदार काय बोलले मला काई ऐकू आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "सत्यशीला बोलली ते समदं ऐकलं. लई झ्याक बोलली. मंग आता सांगा, आपल्या विहाराची निवडणूक कवा हाय?"

कुणी फळ्याकडं बघितलं, कुणी जमिनीकडं. सासऱ्याला चारचौघांत खाली बघायला लावावं असं सत्यशीलेच्या मनात नव्हतं. हे बोलणं कधीतरी निघावं असं मात्र तिला वाटत होतं, आणि ते आता असं निघालं होतं.

सुभेदारांनी फळ्यावरच्या दोन ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. डोक्यावरची टोपी काढली. त्यांच्या पोटापासून काहीतरी हलायला लागलं, आणि सगळ्यांना वाटलं आता म्हातारा रडतो की काय, तर ते हसत होते.

"अरे, मी तर तिकडचाच जनरल निघालो की!"

हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. फडकं घेऊन त्यांनी स्वतः फळ्यावरची दुसरी ओळ पुसली. मग टाचा जुळवून उभे राहिले. "निवडणूक! आजच! जल्दी!"

"मामा," सत्यशीला म्हणाली, "ही बी हुकमानंच का?"

पुन्हा हशा. शेवटी नारळी पौर्णिमा ठरली. अध्यक्षपदाला सुभेदार उभे राहिले आणि त्यांच्या विरुद्ध वस्तीनं सत्यशीलेला उभं केलं. ती नको नको म्हणत होती. सुभेदारांनीच दटावलं, "समोर कुणी नसल तर ती निवडणूक कशी? उभी राहा."

ते दिवस मंठ्याच्या त्या गल्लीत अजून आठवतात. एकाच घरातून दोन उमेदवार सकाळी निघायचे, एक डावीकडं, एक उजवीकडं. दुपारी एकाच ताटलीतल्या शेंगदाण्याच्या चटणीवर दोघांचं जेवण व्हायचं आणि कोणतं घर कुणाकडं फिरलं यावर जुंपायची. सुभेदार गिरणीच्या ओट्यावर बसून प्रचार करायला लागले, तर आतून आवाज, "मामा, माझ्या ओट्यावर माझ्याविरुद्ध?" "ओटा माझा हाय, गिरणी तुझी!" संपतची मात्र पंचाईत. दोघंही विचारायचे, मत कुणाला? "गुप्त हाय," एवढंच तो म्हणायचा आणि अंकुशनगरची गाडी गाठायचा.

पौर्णिमेला मतदान झालं. चिठ्ठ्या मोजायला पलीकडच्या गल्लीतले भुजंगराव मास्तर आले, दोन्ही बाजूंच्या बाहेरचे म्हणून. त्यांनी एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचली. कधी टाळ्या या बाजूला, कधी त्या बाजूला. बराच वेळ सत्यशीला पुढं होती. मग सुभेदार बरोबरीला आले आणि अगदी शेवटी थोडक्या मतांनी निवडून आले.

त्यांना हार घालायला सगळ्यांत आधी सत्यशीलाच धावली. सुभेदार तिला काही बोलू देईनात. "निवडून आलो!" ते भेटेल त्याला सांगत होते, जणू समोरच्याला ते माहीत नव्हतं. "पोरी, इतकी वर्षं मला वाटायचं, लोक मला भिऊन गप बसतेत. आज कळलं, त्यांना मी पाहिजे हाय!"

सत्यशीला हरली होती, आणि तिला स्वतःलाच नवल वाटत होतं की आपल्याला इतकं हलकं कसं वाटतंय. दर चिठ्ठीला तिचं काळीज उडालं होतं आणि ते उडणंच तिला भारी आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी सभा बोलावली, सत्यशीलेला सचिव करावं का असं विचारलं, आणि कुणी हात वर करायच्या आधी म्हणाले, "नको असल तर नको म्हणा. मंग मी माझ्या मनानं काई करणार न्हाई, तुमालाच परत इचारीन."

डिसेंबरात मूर्ती आली. संगं भंतेजी आणि थायलंडहून आलेली चार माणसं. त्यांत मालीवान नावाची एक गोल चेहऱ्याची, सारखी हसणारी बाई होती. झुंबरबाईंनी तिची पहिल्याच दिवशी मालनबाई करून टाकली. सत्यशीलेनं तिला ठेचा चाखवला. बायांना वाटलं आता पाणी मागती, तर तिनं आणखी घेतला आणि खूण करून सांगितलं, आमच्याकडं याच्याहून तिखट असतं. झालं, ती घरचीच झाली.

सत्यशीलेनं भंतेजींना मध्ये घालून विचारलं, "तुमच्या सार्वमताचं काय झालं?"

मालीवाननं सांगितलं. घटना मंजूर झाली. दर पाचांत तिघांनी हो म्हटलं, दोघांनी नको. "मी नको म्हटलं," ती म्हणाली. "माझ्या भावानं हो म्हटलं. त्याला वाटलं, हो म्हटलं तर निदान निवडणूक तरी लवकर होईल."

"मंग झाली?"

"येत्या रविवारी आहे." आणि भंतेजींनी पुढचं सांगितलं तेव्हा सत्यशीलेचे डोळे मोठे झाले. मालीवानला मूर्तीची मिरवणूक पुरती बघायची होती, पण मतदानाला घरी पोचायचं तर विमान चुकवून चालणार नव्हतं. मिरवणूक दुसऱ्या दिवशी संध्याकाळची ठरलेली. ती अर्ध्यातून निघणार होती.

सत्यशीला थेट सुभेदारांकडं गेली. "मामा, मिरवणूक सकाळी काढायची."

"पत्रिका छापल्यात संध्याकाळच्या."

"तिचं मत चुकंल."

सुभेदारांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं. "मी एकटा न्हाई ठरवू शकत," ते गंभीरपणे म्हणाले. "समितीला इचारावं लागंल." मग चपला न घालताच ते समितीच्या लोकांना गोळा करायला धावले. चहा उकळायच्या आत ठराव झाला आणि सत्यशीलेनं दारोदार फिरून नवी वेळ सांगितली.

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात मिरवणूक निघाली. पांढऱ्या साड्या, ढोल, लेझीम, निळे आणि पंचरंगी झेंडे, आणि ट्रॅक्टरवर फुलांत बसलेली पिवळीधमक मूर्ती. बाजारातल्या दुकानदारांनी पाणी दिलं, भुजंगराव मास्तरांनी गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. मालीवान बायांत मिसळून अशी नाचली, की तिची मोठी टोपी कुणाच्या तरी डोक्यावर गेली ती परत आलीच नाही. मूर्ती विहारात बसली, वंदना झाली, आणि सत्यशीलेनं मालीवानला हाताला धरून औरंगाबादच्या जीपपर्यंत पोचवलं. संगं बेसनाचे लाडू दिले. भाषा एकीला दुसरीची येत नव्हती. भंतेजी पुढच्या सीटवर बसले होते, तरी दोघी बोलतच होत्या.

जीप हलली तशी मालीवाननं खिडकीतून हात बाहेर काढला आणि डाव्या हाताच्या बोटावर शाई लावल्याची खूण करून दाखवली. ही खूण तिला कालच सत्यशीलेनं शिकवली होती. रस्त्यावर उभ्या असलेल्या सगळ्या बायांनी आपापली बोटं वर केली.

तीन वर्षांनी मुदत संपायच्या आधीच सुभेदारांनी फळ्यावर निवडणुकीची तारीख लिहिली आणि स्वतः उभे राहिले नाहीत. त्या वेळी सत्यशीला अध्यक्ष झाली, बेबीनंदा नावाच्या एका तरुण अंगणवाडीताईला हरवून. प्रचारात बेबीनंदानं तिला चांगलाच घाम फोडला होता. निकाल लागला त्या दुपारी विहाराच्या अंगणात बुंदी वाटली गेली. सुभेदार खुर्ची टाकून मधोमध बसले होते, आणि हरलेल्या पोरीला जवळ बोलावून, पुढच्या खेपेला सत्यशीलेला कुठं आणि कसं पकडायचं, ते मन लावून समजावून सांगत होते.