ढोलीतला राणीछाप

साकोली-दिघोरी गाडीवर मी सलग नऊ वर्षं कंडक्टर होतो. त्या नऊ वर्षांत माझ्या चामडी बॅगेतून किती नाणी गेली असतील ते देव जाणे. नाणं म्हणजे माझ्या लेखी सुट्टे पैसे. सुट्टे असले की कंडक्टर राजा, नसले की भांडण. मग सत्तरच्या दशकातल्या एका सकाळी एका म्हाताऱ्यानं धोतराच्या गाठीतून जुना पाव रुपया काढून माझ्या हातावर ठेवला आणि मी तिकीट फाडायचं विसरलो.

पाव रुपया रोजच्या पाहण्यातला. त्याच्या एका बाजूला आकड्याच्या दोन्ही अंगांना दोन काड्या असतात, असं मी समजत होतो. त्या काड्या नव्हत्याच. त्या गव्हाच्या ओंब्या होत्या. एकेक दाणा सुटा, वर बारीक कुसं, आणि सगळ्यावर असा उजेड की नाणं हलवलं की तो गोल फिरायचा. हे नाणं माझ्या हातून हजारदा गेलं होतं, आणि ओंब्या मला दिसल्या नव्हत्या, कारण माझ्या आधीच्या हातांनी त्या पुसून टाकल्या होत्या. डोळे असून आंधळा म्हणतात ना, तो मी. मी माझा झिजका पाव रुपया बॅगेत टाकला आणि म्हाताऱ्याचा तो न झिजलेला वरच्या खिशात ठेवला. पुढच्या दोन थांब्यांना घंटी मारायचीही शुद्ध नव्हती.

"अबे, सवारी उतरून राहिली, घंटी मार ना!" ड्रायव्हर ओरडला. हा ड्रायव्हर मूळचा दिघोरीचा. माझं वेड त्यानं पहिल्या दिवसापासून पाहिलं. पुढं तो सगळ्यांना सांगायचा, "आमचा कंडक्टर सवारीचं तोंड नाई पाहत, पैशाचं तोंड पाहते."

साकोलीत भाड्याच्या दोन खोल्या, बायको, दोन मुलं आणि कंडक्टरचा पगार, एवढ्यात शौक बसवायचा होता. म्हणून मी स्वतःला कायदा घालून घेतला. नाणं जेवढ्याचं तेवढ्यालाच घ्यायचं, वर एक पैसा नाही. आणि नाणी तीसच ठेवायची. सुताराकडून मी सागाच्या फळीत तीस खळगे पाडून घेतले. "कवड्या खेळाच्या हायेत काय?" असं त्यानं विचारलं, आणि मी हो म्हणून टाकलं. एखाद्या खळग्यातल्यापेक्षा उजवं नाणं बॅगेत आलं, की जुनं परत बॅगेत जायचं. संग्रह वाढायचा नाही, फक्त चांगला व्हायचा. कमळाच्या छापाचं पिवळं वीस पैशाचं नाणं मी असं सात वेळा बदललं. त्यात सोनं आहे अशी आवई उठलेली, त्यामुळे बायांनी त्याला कडी लावून माळेत ओवलेलं. सातवं मिळालं ते लाखनीच्या एका किराणा दुकानात. दुकानदारानं बँकेतून आलेली पुडी दिवाळीच्या पूजेसाठी न फोडता ठेवली होती, आणि ती फुटली तेव्हा मी समोर उभा होतो. त्या कमळाच्या पाकळ्यांवर तोवर कोणाचं बोट फिरलं नव्हतं. तसं नाणं मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

नाणं धरायचं कसं हे मात्र मला एका तांब्याच्या नव्या पैशानं शिकवलं, आणि त्यात तो बिचारा वाया गेला. कोरा करकरीत होता. मी तो चिमटीत धरून सगळ्या डेपोला दाखवला. पावसाळा गेला, कार्तिक उजाडला आणि त्या पैशावर माझा अंगठा उगवला, काळपट, रेघन् रेघ मोजून घ्यावी असा. तिकिटाच्या चिमट्यानं माझ्या अंगठ्याला एकदा आडवा चावा घेतला होता. ती चीरसुद्धा होती. घाबरून मी तो चिंच लावून घासला, तर तो पीस उपटलेल्या कोंबडीसारखा दिसायला लागला. तेव्हा कळलं की हाताचा घाम लगेच दिसत नाही, तो दबा धरून बसतो. त्या दिवसापासून घरात हुकूम निघाला की नाणं कडेनंच धरायचं. बायको म्हणाली, "मले तं लग्नातबी एवढं जपून नाई धरलं तुम्ही."

एकोणतीस खळगे भरले. तिसावा मी इंग्रजांच्या काळातल्या राणीछाप चांदीच्या रुपयासाठी राखून ठेवला होता. झिजके राणीछाप घरोघरी होते. मला मात्र असा हवा होता ज्यात राणीच्या झग्यावरची वेलबुट्टी शाबूत असेल. नागपूरला एकदा जुन्या नाण्यांच्या दुकानात तसा पाहिला. भाव ऐकून मी दुकानदाराला नमस्कार केला आणि पायऱ्या उतरलो. अर्धा पगार गेला असता. तिसावा खळगा रिकामाच राहिला.

दिघोरीला दुपारी आमची गाडी दोन तास उभी राहायची. ड्रायव्हरची मोठी माय, म्हणजे त्याच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, गावातच राहायची. म्हातारी विधवा, घरात मुलगा आणि सून. ड्रायव्हरसोबत मीही तिच्याकडे जेवायला जायला लागलो. भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. तिला मी माय म्हणायचो, ती मला बाबू.

ऐंशी साल उलटल्यावरची गोष्ट. नवं धान यायच्या आधी तिच्या घरची ढोली रिकामी केली होती. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची विणलेली, शेणामातीनं लिपलेली माणूसभर उंच कोठी. दरवर्षी धान भरायच्या आधी ती आतून नव्यानं लिपतात. तळातून मायनं मातीचं एक झाकलेलं बोळकं काढलं, पळसाचं पान दुमडून त्याच्यावर काहीतरी उचललं आणि अंगणातल्या उन्हात पाटावर ठेवलं.

राणीछाप रुपया होता.

मी जेवता जेवता उठलो. राणीच्या मुकुटाखाली केसांची लट होती आणि त्या लटेतले केस वेगवेगळे दिसत होते. झग्यावर वेलबुट्टी होती. कडेनं चांदीवर निळीजांभळी झाक चढली होती, पाण्यावर तेल पसरावं तशी. मला रडू का येत होतं ते आजही सांगता येणार नाही. ऐंशी-नव्वद वर्षांत या राणीला कोणी हातच लावला नव्हता. ती टांकसाळीतून निघून थेट माझ्यापर्यंत आल्यासारखी दिसत होती.

"माह्या आजेसासूनं ढोली बांधली तवापासून हाय," माय म्हणाली. "धानाच्या आधी हे जाते ढोलीत. इले हात नाई लावत बाबू, पानानं उचलतेत. ज्याचा हात लागला, त्याच्यासंगं जाते लक्ष्मी."

मी विकत मागितला. तोंडातून निघून गेलं. माय हसली. "ढोलीतली लक्ष्मी कोणी इकते काय?"

विषय संपला होता. मी परत ताटावर बसायला हवं होतं. पण माय हळद आणायला आत गेली, ड्रायव्हर हात धुवायला मागच्या अंगणात गेला, आणि मला त्या रुपयाची दुसरी बाजू पाहायची होती. फक्त दुसरी बाजू. बाजूला पळसाची पानं पडली होती, तरी मी पान घेतलं नाही. नाणं कडेनं धरायचं हा कायदा मी स्वतः केलेला, तोही विसरलो. अंगठा राणीच्या गालावर ठेवून मी रुपया उलटा केला, सालाभोवतीची फुलापानांची वेल पाहिली, आणि होता तसा ठेवून दिला. माय हळद घेऊन आली. तिनं कुंकू, हळद, अक्षता बोळक्याला लावल्या, पानानं रुपया आत ठेवला, झाकण लिंपलं. संध्याकाळी वर धान पडलं.

ते वर्ष कसं गेलं, ते मला ठाऊक. धानाखाली, अंधारात, एका अंगठ्याचा घाम त्या चांदीत हळूहळू उतरत होता आणि ते फक्त मला माहीत होतं. कधी मनाला समजवायचो, थंडीचे दिवस होते, हात कोरडा असेल. मग आठवायचं की मी नुकताच जेवणावरून उठलो होतो. दर फेरीला माय वाढायची, मी मान खाली घालून जेवायचो. "तुयी तब्येत बरी नाई का बाबू?" ती विचारायची. बायकोला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच हसली नाही. म्हणाली, "सांगून टाका तिले." मी नाही सांगितलं.

पुढच्या वर्षी ढोली रिकामी झाली तेव्हा मी मुद्दाम हजर राहिलो. मायनं झाकण उघडलं, पानानं रुपया उचलला आणि उन्हात धरला. राणीच्या गालावर काळाभोर अंगठा उमटला होता.

मायनं पान डोळ्यांजवळ नेलं. मग तिनं सुनेकडे पाहिलं. सून शेणाची पाटी घेऊन दारात उभी होती. "तूनं हात लावला?"

सुनेनं पाटी खाली ठेवली. लक्ष्मीला हात लावणं म्हणजे घरातून लक्ष्मी काढणं, आणि त्या वर्षी पावसानंही ओढ दिली होती. हे त्या पोरीच्या कपाळी आलं असतं तर जन्मभर पुसलं गेलं नसतं. ती "नाई जी" म्हणाली.

"माय, तो अंगठा माझा आहे," मी म्हणालो.

ड्रायव्हरनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्याच घरात चोरी केली होती. केलीच होती. मायला वाटलं मी सुनेला वाचवायला खोटं बोलतो. तिनं माझा हात ओढला, अंगठा उन्हात धरला, आणि एकदा अंगठ्यावरची आडवी चीर, एकदा राणीचा गाल असं दोन-तीनदा पाहिलं. चीर जुळली.

मी शिव्यांची वाट पाहत होतो. चार लोकांत लायकी काढली असती तरी मी ऐकून घेतलं असतं.

"आता हे इथं काहून राहीन?" माय शांतपणे म्हणाली. "मी दोन डाव कागदावर आंगठा उठोला हाय बाबू. एक डाव आंगठा उठला का थे वापस पुसता येत नाई. तुया उठला. हे तुयीच झाली, घेऊन जाय." तिनं पानासकट रुपया माझ्यापुढे धरला. "पन ढोली खाली नाई ठेवता येत. तुयापाशी असंन त्यातली सगळ्यात साजरी आनून दे इच्या जागी. परवा धान भरतो."

मी पान दोन्ही हातांनी घेतलं. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते मिळालं होतं, आणि ते मीच नासवलं होतं.

परवाच्या फेरीला मी दोन कागदी पुड्या खिशात घालून निघालो. एकीत साधारण बरा अर्धा रुपया, दुसरीत कमळाचे वीस पैसे. मायला काय कळणार होतं? तिला अर्धा रुपया मोठा वाटला असता, किंमतही जास्त. वाटेत तिकिटं फाडताना मी स्वतःला हेच पटवत होतो. दिघोरीच्या थांब्यावर उतरलो तरी ठरत नव्हतं. अंगणात पोचलो तर नवं बोळकं पाटावर मांडलेलं, त्याच्याशेजारी पळसाचं ताजं पान, आणि पाटाच्या पलीकडे सून हात जोडून उभी. ती माझ्याकडे पाहत होती. मी कमळाची पुडी काढली आणि नाणं कागदावरूनच पानावर घरंगळू दिलं.

माय वाकली. डोळ्यांवर हाताची सावली धरली. पाकळ्यांवरून उजेड फिरला तेव्हा तिनं तोंडावर पदर घेतला.

"अव माय," ती म्हणाली. "लक्ष्मीचं आसनच आलं ना वं!" मग सुनेला म्हणाली, "तूच ठेव आता. पान नीट धरजो."

सुनेनं पान उचललं. तिचं बोट कुठं लागलं नाही. मी बारीक पाहत होतो.

राणी माझ्या फळीवर तिसाव्या खळग्यात आहे, गालावर माझा अंगठा घेऊन. कमळाचा खळगा मी भरला नाही. नंतर बॅगेत दोनदा बरी नाणी आली, ती जाऊ दिली. दिघोरीची गाडी माझ्याकडे होती तोवर दर वर्षी मी ढोली उघडायच्या दिवशी जात राहिलो. बोळकं उघडायचं आणि ते वीस पैसे पुडीतून निघाले तसेच निघायचे. इतकं निर्मळ माझ्या हातून दुसरं काही राहिलेलं नाही, आणि हेही राहिलं ते माझ्या हातात नव्हतं म्हणून.

शेवटच्या वर्षी माय थकली होती, खाटेवरून उठत नव्हती. सुनेनं पानावरचं नाणं माझ्यापुढे धरलं आणि हसत म्हणाली, "घ्या ना भाऊजी, पाहा दुसऱ्या बाजूनं. तुमचंच तं होतं."

मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि म्हणालो, "नको. तूच उलटून दाखव."

तिनं दुसरं पान वर ठेवलं आणि नाणं उलटून दाखवलं.